डावी बाजू राहिली होती

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते टॉवेलांच्या घड्या घालायचं. रविवारची सकाळ होती. सलूनला रविवारी सगळ्यात जास्त टॉवेल लागतात, म्हणून शनिवारी संध्याकाळी धुवायचे आणि रविवारी सकाळी दोरीवरून काढून घड्या करून न्यायचे, हे आमचं तीस वर्षांचं ठरलेलं. लहान टॉवेल मालन, माझी बायको, एकटीच करायची. गिऱ्हाइकाच्या गळ्याला बांधतो त्या मोठ्या कापडाला मात्र दोन माणसं लागतात. दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. त्या दिवशी माझी टोकं जुळेनात, तर म्हणाली, "लोकांच्या डोक्यावरचा एकेक केस दिसतो तुम्हाला, हातातलं टोक दिसत नाही."

मी चहा घेतला, पिशवी उचलली आणि निघालो. 'येतो' म्हणालो असेन. नक्की आठवत नाही.

हा अंक काढणारे साहेब माझे जुने गिऱ्हाईक. ते म्हणाले, "काका, तुम्ही या वयात पोरांचे फेड मारता, त्यावर लिहा. गमतीजमती असतील." मी सातवीपर्यंत शिकलेला. लिहायची सवय नाही. गमतीजमती आहेत, नाही असं नाही. पण चार वेळा लिहायला बसलो आणि चारही वेळा एकाच डोक्यापाशी अडलो. ते डोकं लिहून टाकल्याशिवाय पुढचं काही सुचेल असं वाटत नाही.

आधी धंद्याचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

मी जातीने न्हावी नाही. आमच्या गावात आमच्या लोकांचे केस कोणी कापत नसे. आजोबांनी धम्म घेतला त्यानंतर माझ्या वडिलांनी तालुक्याहून एक कात्री आणि एक वस्तरा आणला आणि आमच्या वस्तीचे केस स्वतः कापायला लागले. कोणी शिकवलं नाही. सुरुवातीला लोकांच्या कानांना बरंच सोसावं लागलं म्हणतात. पुढे मी पुण्यात आलो तेव्हा अण्णांनी मला त्यांच्या सलूनमध्ये घेतलं. अण्णा पिढीजात न्हावी. जात त्यांनी विचारली, मी सांगितली, ते म्हणाले, "हात दाखव." हात बघितले आणि फणी दिली. तो माणूस फार कमी बोलायचा. पण एक गोष्ट त्यांनी शंभरदा सांगितली असेल. अर्ध्या डोक्यावरून गिऱ्हाईक उठवायचं नाही. घर जळत असलं तरी नाही. अर्धं डोकं घेऊन रस्त्यावर गेलेला माणूस आपली पाटी गळ्यात घालून फिरतो, असं म्हणायचे.

तो नियम मी पाळला. एकदा लाईट गेली तेव्हा एका नवरदेवाचं मशीनचं अर्धं काम कात्रीने पूर्ण केलं, मालनला मोबाईलचा उजेड धरायला लावून. अडीच तास लागले. फोटोत काही कळत नाही. याचा मला गर्व होता. अजून थोडा आहे.

आता फेड. कानापाशी आणि मानेवर कातडी दिसेल इतकं साफ, वर बोटांत धरता येतील एवढे केस, आणि मधल्या चार बोटांत काय कुठे संपलं आणि काय कुठे सुरू झालं ते कळता कामा नये. पाटीवरची खडूची रेघ बोटाने पुसत नेली की कशी विरत जाते, तसं. मशीनला कंगव्यासारखे प्लास्टिकचे गार्ड असतात, त्यांना नंबर. अर्धा, एक, दीड, दोन. प्रत्येक नंबर जाताना आपली रेघ सोडून जातो. ती रेघ पुसायची, हेच आमचं काम. केस कापायला दहा मिनिटं लागतात, रेघा पुसायला चाळीस.

मी हे शिकलो एकसष्टाव्या वर्षी. समोर काचेचं सलून आलं आणि माझी तरुण गिऱ्हाइकं एकेक करून रस्ता ओलांडून गेली. मी म्हणालो, जाऊ दे, म्हातारे आपले आहेत. मालन म्हणाली, "म्हातारे किती दिवस पुरणार? पोरं हौसेने कुरतडून घ्यायला तयार आहेत, तर तुमचं काय जातं?" मग ती मोबाईलवर व्हिडिओ लावून समोर धरून बसायची आणि मी आमच्या पोराच्या, मिलिंदच्या डोक्यावर हात चालवायचो. पहिला फेड बघून ती म्हणाली, "घरात उंदीर झालेत वाटतं." मिलिंदने आठ दिवस घरूनच ऑफिसचं काम केलं. चौथा बरा झाला. सातवा तिने डोळे बारीक करून बघितला आणि काही बोलली नाही, तेव्हा मी समजलो की जमलं.

गिऱ्हाईक येतं ते मोबाईल पुढे करतं. "असं." फोटोतल्या पोराचे केस घोड्याच्या आयाळीसारखे आणि याच्या टाळूला पंख्याचा वारा लागतोय. मी तोंडावर सांगतो, केस त्याचे आहेत, तुझे नाहीत. चेहरा गोल असेल तर फेड वरपर्यंत न्यावा, म्हणजे तोंड जरा लांब दिसतं. चेहरा आधीच लांब असेल तर कानाच्या जरा वर थांबावं, नाहीतर माणूस बाटलीसारखा दिसतो. वर विरळ असेल तर बाजू साफ कराव्या, त्याने वरचे दाट वाटतात. ही फसवणूकच आहे. पण कुणाचं वाईट करणारी नाही, असं मी समजत आलो.

एक निवृत्त बँकवाले नातवाला घेऊन आले होते. काम झाल्यावर त्यांनी चष्मा पुसून डोकं सगळीकडून बघितलं आणि मला विचारलं, "हे झालंय, का अजून कोणी यायचं आहे?" मी म्हणालो झालंय. ते म्हणाले, "बरं." तीन आठवड्यांनी एकटेच आले आणि खुर्चीत बसून हळूच म्हणाले, "खालून किंचित तसं करा. फार नको. सूनबाईंच्या लक्षात येता कामा नये."

असे पुष्कळ. पण निखिलचं सांगायचं आहे.

निखिल हिंजवडीला कंपनीत. अठ्ठावीस वर्षांचा, घर कर्वेनगरातच, माझ्या दुकानापासून दोन चौक पुढे. दीड वर्षापूर्वी पहिल्यांदा आला तेव्हा दुकानात दोघे बसले होते. ते जाईपर्यंत तो पेपर वाचत बसला, एकच पान. मग म्हणाला, "काका, दार लावता का जरा?" मी लावलं. तरी त्याचा हात डाव्या कानाच्या मागून निघेना. मी म्हणालो, हात काढ, हाताचे केस कापायचे नाहीत. मग काढला.

चाई होती. दोन रुपयांच्या नाण्याएवढी, गुळगुळीत, पांढरट. चाई म्हणजे एका जागचे केस मुळासकट जातात. दुखत नाही, खाजत नाही, दुसऱ्याला लागत नाही. त्याचं औषध चालू होतं. पण आधीच्या सलूनमधल्या माणसाने सगळ्यांच्या समोर मोठ्याने विचारलं होतं, हे काय आहे, आणि टॉवेल चिमटीत धरून बादलीत टाकला होता. त्याआधी एक लग्नाचं जुळत आलेलं मोडलं होतं. आईने भाबडेपणाने सांगितलं, त्यांनी दोन दिवसांनी पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं.

मी त्याला म्हणालो, लपवायला केस वाढवशील तर वारा आला की उघडा पडशील. उलटं करू. दोन्ही बाजू कातडीपर्यंत साफ करू, पार वरपर्यंत. जिथे कुठेच केस नाहीत तिथे एका ठिकाणी नसले तर कोणाला दिसणार? तो आरशात बघत राहिला. आणि झालंही तसंच. साफ कातडीत ती चाई बुडून गेली.

फक्त ते टिकत नाही. साधा फेड आठ-दहा दिवस बरा दिसतो. निखिलचा पाच दिवस. सहाव्या दिवशी आजूबाजूला काळी-निळी खुंटं वर येतात आणि मधला तुकडा शेतातल्या पडीक जागेसारखा उठून दिसतो. म्हणून दीड वर्ष तो दर पाचव्या दिवशी येत होता. त्याच्या आईला आणि मला सोडून कोणाला माहीत नव्हतं. मालनला मी आमच्या धंद्याच्या रिवाजाप्रमाणे सांगितलं नव्हतं, पण तिने ओळखलं असावं. कोणी हौसेने पाचव्या दिवशी येत नाही.

त्या रविवारी त्याचं बघणं होतं. मुलगी वाघोलीची, पाच वाजता तिच्या घरी जायचं. फोनवर दोघांचं महिनाभर बोलणं चाललेलं आणि मुलगी त्याला मनापासून आवडलेली. मी त्याला म्हणालो होतो, तिला सांगून टाक. तो म्हणाला, "सांगेन काका. पण आधी मला बघू दे तिला. मग चाईला बघू दे." ऑफिसच्या कामात त्याचा पाचवा दिवस चुकला होता. सातव्या दिवशी आला. चाई दारातून दिसत होती.

गर्दी ओसरल्यावर दोन वाजता त्याला घेतलं. दुकानात आम्ही दोघेच. मी नेहमी उजवीकडून सुरू करतो. उजवी बाजू अर्ध्या तासात झाली, आणि माझीच स्तुती करतो म्हणा, पण तशी बाजू वर्षातून दोन-तीनदा होते. खुर्ची फिरवली, डावीकडे मशीन लावणार, तेवढ्यात फोन वाजला. शेजारच्या रेखाचा.

"काका, मावशींना दरदरून घाम आलाय. छातीत दुखतंय म्हणतात. येता का?"

मी म्हणालो, तिला दे फोन.

मालन म्हणाली, "काही नाही हो, जळजळतंय. सकाळी ठेचा खाल्ला ना. कोण आहे खुर्चीत?"

"निखिल."

"आज त्याचं बघणं ना?"

"हो."

"मग त्याला करून या. तसाच उठवू नका."

तिने फोन ठेवला. हेच मी दिवसपाण्याला आलेल्या सगळ्यांना सांगितलं, की तीच म्हणाली करून या. लोक म्हणाले, बघा, जातानाही तुमच्या धंद्याची काळजी. पण खरं आता लिहितो. ती असंच म्हणणार हे मला माहीत होतं. सदतीस वर्षं संसार केलेल्या बाईचं बोलणं मला पाठ होतं. म्हणूनच मी रेखाला म्हणालो की तिला दे फोन. रेखाने 'येता का' विचारलं होतं. त्याचं उत्तर मी दिलंच नाही. मालनकडून देववलं.

निखिलने विचारलं, काही झालंय का. मी म्हणालो, "काही नाही. मान खाली."

घर दुकानापासून चालत बारा मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात दोन पस्तीस झाले होते. मी हिशेब केला, डावी बाजू वीस मिनिटांत काढायची. रोजची तीस लागतात. झीरोने, म्हणजे बिनगार्डच्या मशीनने, खालचं साफ केलं. हात नीट चालत होता, त्याचंच मला बरं वाटलं. मग अर्धा नंबर. मधे मनात आलं, घाम का आला? ठेच्याने घाम येतो तो तोंडाला, दरदरून येत नाही. मशीन थांबवलं. आरशात निखिलचं डोकं दिसत होतं, एक बाजू चकचकीत आणि दुसरीकडे चाई, त्या अर्धवट साफ केलेल्या जागेत आधीपेक्षाही मोठी दिसणारी. असा तो रस्त्यावर जाणार, वाघोलीला जाणार. अण्णा मरून पंधरा वर्षं झाली, पण ते माझ्या मागे उभे आहेत असं वाटलं. मी मशीन परत चालू केलं.

एक नंबर. दीड. चाईवरून शेव्हर फिरवताना कातडी ताणून धरावी लागते, नाहीतर लाल होते. मी ती ताणली आणि शेव्हर रोजच्यापेक्षा भराभर फिरवला. निखिल म्हणाला, "काका, घाई नाही, अजून वेळ आहे." मी म्हणालो, बोलू नको, जबडा हलतो.

दोन पंचावन्नला शेवटचा हात मारला. मागे आरसा धरून गिऱ्हाइकाला दाखवायचं, ते राहिलं. गळ्याचं कापड सोडतोय तोच पुन्हा फोन. रेखाचा नवरा होता. म्हणाला, मावशी पडल्या, रिक्षात घातलंय, दवाखान्यातच या. मी दुकानाची किल्ली निखिलच्या हातात दिली, शटर ओढ म्हणालो आणि चपला उलट्या घालून रस्त्यावर पळालो. समोर रिक्षा मिळाली.

दवाखान्यात पोचलो तेव्हा रेखा बाहेर बाकावर बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. आतल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीसारख्या. त्या म्हणाल्या, दहा मिनिटं झाली. मी विचारलं, अर्धा तास आधी आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, "बाबा, ते सांगता येत नाही." नाही म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. हो म्हणाल्या असत्या तरी एक वेळ चाललं असतं.

मिलिंद आता बेंगळुरूला असतो. तो पहाटे पोचला, म्हणून सोमवारी सकाळी नऊला न्यायचं ठरलं. भंतेजी आले, वंदना झाली. आमच्या गल्लीत गाडी येत नाही, मुख्य रस्त्यापर्यंत खांद्यावर न्यावं लागतं. उचलायच्या वेळी निखिल आला. तो माझी दुकानाची किल्ली परत द्यायला आला होता, त्याला काही माहीत नव्हतं. दारातली माणसं बघून समजला. किल्ली खिशात टाकली, बूट काढले आणि पुढचा डावा खांदा द्यायला उभा राहिला. त्याच्या जोडीला, उजवीकडे, मिलिंद होता. मी मालनच्या कडेने, निखिलच्या दोन पावलं मागून चालत होतो.

कोणत्याही माणसाच्या मागून चाललो की माझी नजर त्याच्या मानेवर जाते. चाळीस वर्षांची खोड. त्या दिवशी जाऊ नये असं मला फार वाटत होतं. तरी गेली. डाव्या कानाच्या मागे, चाईच्या वर दोन बोटं, एक रेघ राहिली होती. अर्धा नंबर जिथे संपला आणि एक सुरू झाला, तिथली. अंगठ्याएवढी. सकाळच्या उन्हात स्पष्ट. दुसऱ्या कोणाला दिसली नसती. मला रस्त्यापर्यंत तेवढीच दिसत राहिली. मालनला खांद्यावर नेत होते आणि मी रेघ बघत होतो. ज्याच्यासाठी थांबलो तेही नीट झालं नव्हतं.

स्मशानातून परत आल्यावर माणसं घरी बसली. कोणी चहा केला. मी निखिलला म्हणालो, "किल्ली आहे ना? चल माझ्याबरोबर." मिलिंदने विचारलं कुठे, मी म्हणालो आलोच.

सोमवार असल्यामुळे सगळी सलून बंद. मी शटर अर्धं वर केलं आणि वाकून आत गेलो. जमिनीवर त्याचेच कालचे केस तसेच पडलेले होते. मी खुर्चीकडे बोट केलं.

"काका, आज नको. बरं दिसत नाही."

"बस."

तो बसला. मी मशीन लावलं, पातं वरखाली करायची बाजूची दांडी अर्धी सोडली आणि कोपऱ्याने रेघ घासायला लागलो. विचारलं, तिकडचं काय झालं. तो म्हणाला पुन्हा भेटायचं ठरलंय, ती बरी बोलली. मग मीच म्हणालो, "काल तुझी ही बाजू राहिली होती, तेव्हाच पहिला फोन आला होता. तिच्या छातीत दुखतंय म्हणून."

तो हलला. मी म्हणालो हलू नको.

त्याने मान जागच्या जागी धरली. मग आरशात बघत म्हणाला, "मला सांगायचं ना, काका. बाहेर गाडी होती माझी. हेल्मेट घातलं असतं आणि चार मिनिटांत तुम्हाला घरी सोडलं असतं. बघणं काय, पुढच्या रविवारी ठेवलं असतं."

हे मला सुचलं नव्हतं. एकदाही नाही. गिऱ्हाइकाला विचारायचं असतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि मीही कोणाला शिकवलं नाही.

"हो," मी म्हणालो.

तो रडत होता. त्याची मान हलत होती, म्हणून मी डावा हात त्याच्या डोक्यावर घट्ट ठेवला आणि रेघ पुसली. चार-पाच मिनिटं लागली. मग आरसा मागे धरून त्याला दाखवलं. त्याने बघितलं नाही. मी बघितलं. डावीकडे आता काही राहिलं नव्हतं. खुर्ची फिरवून उजवी बाजूही एकदा बघून घेतली. तिथे काही करायचं नव्हतं. ती फोनच्या आधीची होती.